वंशावळीचा मोह आणि आपले पूर्वज

आमच्या भावकीने यंदा एक स्मरणिका काढायचे ठरवले आहे. तीत घराण्याची वंशावळ छापायची असून पहिले पान मी लिहावे असा सर्वांचा आग्रह आहे. भावकीतला मी पहिला पदवीधर, त्यातून महाविद्यालयात मराठी शिकवणारा. तेव्हा हे काम माझ्याकडे येणे स्वाभाविकच होते. माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, पानाचा मजकूरही ठरवून दिला. म्हणाले, ‘आपला मूळपुरुष कोरेगावच्या लढाईत होता असं लिही. खांबावर नाव आहे.’ मी म्हणालो, ‘तात्या, नाव आहे खरं, पण तो आपलाच कशावरून?’ तात्या म्हणाले, ‘आपला नाही कशावरून? तू प्रोफेसर ना? मग जोड की.’

हे ‘जोड की’ माझ्या डोक्यातून जात नाही. तात्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आज आपल्या शिकलेल्या, नोकरीपेशातल्या अनेक घरांत हीच ओढ दिसते. घर बांधून झाले, मुले मार्गी लागली, की माणसाला मागे वळून पाहावेसे वाटते. मागे पाहिल्यावर आजोबांपलीकडे अंधार दिसतो आणि त्या अंधारात एखादा सरदार, एखादा लढवय्या, एखादा संत उभा करावासा वाटतो. या ओढीचा विचार आपण करायला हवा. माझे म्हणणे थोडक्यात असे की, एका थोर मूळपुरुषापर्यंत चढत जाणारी वंशावळ हा जातिव्यवस्थेने घडवलेला लेखनप्रकार आहे. तो जसाच्या तसा उचलला तर आपण आपल्या पूर्वजांना मिळवणार नाही, उलट जे हाताशी आहेत त्यांनाही गमावून बसू.

मराठीत वंशावळीच्या लेखनाचा उगम जिव्हाळ्यात नाही, हक्कात आहे. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादी गोतसभेपुढे आपापला करीना मांडीत. मूळपुरुष कोण, त्याचे लेक किती, वडीलपण कोणत्या शाखेकडे आणि म्हणून पाटीलकी कोणाची, हा त्या करीन्याचा सांगाडा. त्यावर साक्षी होत, महजर होई. गावच्या शिवेचा तंटा असला तर महाराची साक्ष मोलाची मानली जाई. कारण शीव पायाखालून गेलेला माणूस तोच. महारालाही वतन होते, त्याच्या हक्कांचे तंटेही झाले. परंतु त्या कागदांत महार भेटतो तो मुख्यतः गावकीचा चाकर म्हणून. दुसऱ्याच्या जमिनीची हद्द ज्याच्या शब्दावर ठरे, त्याच्या आज्या-पणज्यांची कहाणी लिहून ठेवण्याचे कारण मात्र कोणाला पडले नाही.

हा लेखनप्रकार किती निर्दय आहे हे पाहायचे तर ६ जून १६७४ या दिवसाकडे पाहावे. शिवाजी महाराजांनी राज्य उभे केले ते स्वतःच्या मनगटावर आणि मावळ्यांच्या साथीने. त्यांना कोणाच्या नावाची उसनवारी करण्याची गरज नव्हती. तरीही वैदिक मंत्रांनी राज्याभिषेक करायचा तर क्षत्रियत्व सिद्ध करणे भाग पडले आणि भोसल्यांचे कूळ मेवाडच्या शिसोदियांशी जोडले गेले. गागाभट्टांनी विधी पार पाडला. पुढे १८९९-१९०० च्या सुमारास वेदोक्ताच्या निमित्ताने हाच प्रश्न शाहू महाराजांपुढे उभा राहिला. म्हणजे कर्तृत्वाने पुरत नाही, बाप-आजाचा दाखला लागतो. आणि तो दाखला मान्य करण्याचा अधिकार एकाच वर्णाकडे राहतो. थोर पूर्वज शोधणारा माणूस नकळत हा अधिकार मान्य करून बसतो. आपण वंशावळ घेऊन ज्याच्या दारात उभे राहतो, तो दारवान आपोआप मोठा होतो.

विसाव्या शतकात छापले गेलेले कुलवृत्तांत हा याच परंपरेचा आधुनिक अवतार. चित्पावनांतील अनेक कुळांनी असे ग्रंथ सिद्ध केले. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, मग शाखा-उपशाखा आणि पिढ्यांचे तक्ते. हे ग्रंथ तयार करताना केलेले परिश्रम, पत्रव्यवहार, कागदपत्रांची छाननी यांबद्दल मला आदर आहे. सामाजिक इतिहासाला त्यांचा उपयोगही होतो. परंतु वाङ्मयप्रकार म्हणून त्यांची गाळणी तपासली पाहिजे. तक्त्याचा कणा पुरुषांचा असतो. बाई येते ती अमक्याची पत्नी किंवा तमक्याकडे दिलेली मुलगी म्हणून. ज्याने पदवी, पद, पैसा मिळवला त्याला परिच्छेद मिळतो आणि ज्याने काहीच मिळवले नाही त्याला एक ओळ. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे दाखवून दिले. ते मान्य केले तर स्वच्छ, अखंड, आठ-दहा पिढ्यांचा तक्ता म्हणजे काय? पिढ्यान् पिढ्या जातीबाहेर कोणी पाऊल टाकले नाही याचा तो पुरावा होय. आपल्याला अभिमान वाटतो तो नेमक्या कशाचा, हे एकदा विचारून पाहावे.

आता आपल्या बाजूचा कागद पाहू. आपल्यालाही वंशावळ लिहावी लागतेच, फक्त तिचे कारण निराळे असते. जातपडताळणीसाठी २००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ आहे. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणि शपथेवर वंशावळ द्यावी लागते. माझ्या पुतणीच्या प्रवेशाच्या वेळी हे काम मी अंगावर घेतले. आजोबा शाळेत गेले नव्हते. तेव्हा शाळेचा उतारा असण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, शोधली. मजकूर मोडीत होता, तो वाचून घ्यावा लागला. पणजोबांच्या नावापुढे मुलगा झाल्याची एक नोंद निघाली. तारीख होती, बापाचे नाव होते, जात होती. मुलाचे नाव नव्हते. आईचे नाव नव्हते.

ती नोंद आजोबांची, की लहानपणीच गेलेल्या त्यांच्या भावाची, हे घरातल्या कोणालाही सांगता आले नाही. कार्यालयाला त्याची गरजही पडली नाही. जातीचा शब्द ठळक होता, तेवढ्यावर काम भागले. माणूस कोण हे न कळताही त्याची जात कळत होती! ज्यांनी गावोगाव दुसऱ्यांच्या मृत्यूचा सांगावा पायी पोहोचवला, त्यांचा स्वतःचा जन्म असा बेनाव नोंदला गेला. पुतणीला प्रमाणपत्र मिळाले याचा आनंद झाला. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तात्यांच्या ‘जोड की’ मधली भूक तेव्हा मला पहिल्यांदा समजली.

तेव्हा तात्यांना वाटते ते का वाटते हे उघड आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा तो स्तंभ साधा नाही. त्यावर ‘नाक’ प्रत्ययाची नावे कोरलेली आहेत आणि ज्यांना नाव धारण करण्याचीही लाज वाटावी अशी व्यवस्था होती त्यांची नावे दगडात उतरली, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले. परंतु तो स्तंभ सार्वजनिक आहे, म्हणूनच आपला आहे. तेथे जाणारी लाखो माणसे आपल्या सख्ख्या पणजोबांना भेटायला जात नाहीत. ज्या दिवशी एखादे घराणे त्यातले एक नाव काढून आपल्या तक्त्याच्या माथ्यावर बसवील, त्या दिवशी त्या नावाची खाजगी मालकी सुरू होईल. मग शेजारच्या घराचा मूळपुरुष कोण? ज्यांना शिपाई सापडला ती घराणी थोर आणि ज्यांचा आजा नुसताच मेलेली ढोरे ओढत होता ती हलकी, हे ठरायला किती वेळ लागेल? सोमवंशी, लाडवण, बेले असे पोटभेद आपण कालपरवापर्यंत पाळत होतो. ती भिंत पडत आली असताना वंशावळीच्या विटा घेऊन नवी भिंत रचायची काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्यांचा इतिहास हिरावला गेला त्यांनी तो पुन्हा रचू नये काय? कल्पनेनेही रचू नये काय? या प्रश्नाचा अनुभव आपल्याआधी एका समाजाने घेतला आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने ज्यांच्याकडून नाव घेतले, त्या अमेरिकेतील काळ्या लोकांच्या साहित्यात ॲलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून हेली यांनी आपला वंश गांबियातल्या जुफुरे गावच्या कुंटा किंटेपर्यंत नेला. १७६७ साली ‘लॉर्ड लिगोनिअर’ या जहाजातून तो बेड्या घालून आणला गेला, असे त्यांनी मांडले. १९७७ च्या जानेवारीत त्यावरची दूरदर्शन मालिका कोट्यवधी लोकांनी पाहिली. आपलेही मूळ शोधता येईल, ही हिंमत असंख्य काळ्या कुटुंबांना त्या पुस्तकाने दिली. हे ऋण नाकारता येणार नाही.

परंतु पुढे काय झाले? हॅरल्ड कोरलँडर यांच्या ‘द आफ्रिकन’ या १९६७ च्या कादंबरीतले उतारे पुस्तकात आल्याचे १९७८ मध्ये हेली यांना मान्य करावे लागले आणि साडेसहा लाख डॉलर देऊन दावा मिटवावा लागला. १९८१ मध्ये वंशशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी व्हर्जिनियातले कागद तपासले. ज्या टोबीला हेली कुंटा किंटे समजत होते, तो ते जहाज येण्याच्या पाच वर्षे आधीपासून तेथील नोंदींत होता. झाले! गुलामगिरीविषयी बोलण्याची ज्यांना मुळात इच्छा नव्हती, त्यांना आयते निमित्त मिळाले. वास्तविक गुलामगिरी सिद्ध करायला कुंटा किंटे लागत नव्हता. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या याद्याच पुरेशा आहेत. मालकाचे नाव आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग, रंग. बहुतेक पाने अशीच. गुलामगिरीतून सुटलेली माणसे सर्वत्र नावानिशी येतात ती १८७० च्या जनगणनेत. वंश शोधणारा आजचा काळा माणूस बहुधा त्या भिंतीशी येऊन थांबतो. ती भिंत हा संशोधनातला अडथळा आहे, तसाच तो पुरावाही आहे. त्या बेनाव यादीइतका जळजळीत पुरावा कोणती कादंबरी देणार?

आमच्या कोतवाल बुकातली ती नोंद आणि ती अमेरिकन यादी सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हीकडे माणूस गाळून त्याचा वर्ग तेवढा लिहिला गेला. आपल्या वंशावळीतली रिकामी जागा म्हणजे आपल्या घराण्याचा कमीपणा नव्हे. ती व्यवस्थेची सही आहे. तिथे बनावट सरदार बसवणे म्हणजे गुन्हेगाराची सही आपल्या हाताने खोडून टाकणे होय.

मग आपल्या लोकांनी पूर्वजांचा विचार केलाच नाही काय? केला, आणि मोठ्या शहाणपणाने केला. अमृतनाकाची कथा आपल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. बेदरच्या बादशहाच्या बेगमेला त्याने सोडवून आणले आणि बक्षीस म्हणून बावन्न हक्क मिळवले. निघण्यापूर्वी त्याने बादशहाजवळ एक बंद डबी ठेवली होती. परतल्यावर बेगमेच्या शीलाविषयी संशय घेतला गेला तेव्हा ती उघडली. त्याने स्वतःचे पुरुषत्व छेदून तीत ठेवले होते, असे एक पाठ सांगतो. या कथेकडे वंशावळीच्या दृष्टीने कोणी पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. ज्याला सारी जात पूर्वज मानत आली, त्याने पुढे वंश चालण्याची वाटच बंद केली आहे! आणि मागितले ते स्वतःच्या घरासाठी नव्हे, साऱ्या महारांसाठी. रक्ताने कोणाचाच नाही म्हणून तो सगळ्यांचा झाला. मात्र याच कथेची दुसरी बाजूही विसरू नये. ते बावन्न हक्क कोणते? मेलेल्या जनावराचे कातडे, प्रेतावरचे कापड, खळ्यातले उरलेसुरले. पूर्वजाच्या पराक्रमाने मिळालेल्या म्हणून आपण ज्यांना हक्क समजत होतो, त्या बेड्या होत्या, हे बाबासाहेबांनी दाखवले. १९२७ च्या महाडच्या परिषदेत मृतमांस आणि उष्टे सोडा असे त्यांनी बजावले, आणि १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. पुढे ते वतन १९५८ च्या कायद्याने गेले. थोर पूर्वजाचा वारसा सोडून देण्यातही थोरपण असते, हा आपल्या चळवळीचा धडा आहे.

खुद्द बाबासाहेबांच्या नावाकडे पाहा. कूळ सकपाळ, पण जगाला माहीत झाले ते आंबडवे या गावावरून आलेले नाव. त्यांनी गुरू सांगितले ते बुद्ध, कबीर आणि फुले. यांतला कोणी त्यांच्या रक्ताचा नाही, जातीचाही नाही. १९४६ चा शूद्रांविषयीचा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला आणि १९४८ चा अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस. एक तमिळ, एक काशीचा, एक मंगळवेढ्याचा. अर्पणपत्रिकेचे ते पान हीदेखील एक वंशावळ आहे, आणि तिच्यात प्रवेशासाठी दाखला लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. बाप, आजा, पणजा अशी तीन नावे मंत्रात घेण्याचा विधी आपण त्या दिवशी सोडला. म्हणून पूर्वजांची आठवण सोडली असा अर्थ होत नाही. आठवणीची रीत बदलली.

चोखोबांचे घर तर याचा उत्तम नमुना आहे. त्या घरात बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, या सर्वांच्या नावावर अभंग आहेत. मूळपुरुषाचा पत्ता नाही. पण बाई, बहीण, मेहुणा यांच्यासह एक संपूर्ण घर बोलताना ऐकू येते. हे झाड वर चढत नाही, आडवे पसरते. ज्यांच्या घराण्याचे मोठमोठे तक्ते आहेत, त्यांपैकी किती घरांत सातशे वर्षांपूर्वीच्या सुनेचा आवाज शिल्लक आहे?

दलित आत्मकथनांनी हीच रीत पुढे चालवली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६), ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) यांत कुलवृत्तांत नाही. आहे ती आई, आजी, वाडा, वस्ती. बेबीताई ‘मी’ पेक्षा ‘आम्ही’ लिहितात. ऊर्मिलाताईंच्या पुस्तकाच्या नावातच आईच्या हातची विणकाम केलेली टोपली आहे. वारसा आहे तो त्या विणीचा. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने (१९८४) तर वंशावळीलाच सुरुंग लावला. बाप लिंगायत पाटील, आई महार, आजीच्या आधाराला एक मुसलमान. शाळेत बापाचे नाव काय लावायचे हाच प्रश्न. पांढरपेशा समीक्षेने या पुस्तकाच्या धगीची चर्चा पुष्कळ केली. परंतु कुलवृत्तांताने गाळलेली सगळी माणसे येथे परत आली आहेत, हे त्या ग्रंथाचे वाङ्मयीन कार्य तिच्या फारसे ध्यानात आले नाही. तक्त्यात न बसणारा मुलगा तक्त्याविषयी सर्वांत खरे बोलतो.

तेव्हा मी पहिले पान लिहिले आहे ते असे. माथ्यावर कोतवाल बुकातली ती नोंद आहे, जशीच्या तशी. मुलाच्या नावाच्या जागी ‘नोंद नाही’, आईच्या नावाच्या जागी ‘नोंद नाही’. त्याखाली जेवढी नावे जिवंत माणसांच्या आठवणीतून पडताळता आली तेवढीच; लेकी, सुना आणि लहानपणी गेलेली पोरे यांच्यासह. आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याने किंवा तिने केलेले काम. आजीपुढे लिहिले आहे की १९७२ च्या दुष्काळात तिने कामावर खडी फोडली, आणि त्या मजुरीवर तात्या सातवीपर्यंत शिकले.

परवा हे पान तात्यांना वाचून दाखवले. कोरेगाव नाही म्हणून ते नाराज झाले, अजूनही आहेत. भावकीची बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि तेथे माझे पान मंजूर होईलच असे नाही. पण आजीची ओळ आली तेव्हा त्यांनी मला थांबवले. ‘पुन्हा वाच’ म्हणाले. मी वाचली. मग म्हणाले, ‘खडी नुसती फोडली नाही तिनं. पाटीही वाहिली. तेही घाल.’

ते मी घातले आहे. एवढी दुरुस्ती तरी कोणत्याही शिसोदियापेक्षा खरी आहे.